उंदरावरचं कलम

शकुबाई सोमकुवरचा कोणावरच भरवसा नाही, हे मोहगावात शेंबडं पोरही सांगेल. दूधवाल्यानं माप घातलं की ती आधी दुधात बोट बुडवून पाहते. एसटीत तिकीट घेतलं की उलटून पाहते. उलट्या बाजूला काही लिहिलेलं नसतं, तरी पाहते. नवरा मोतीराम नगरपंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर कामाला. त्यानं लग्नाच्या पहिल्याच वर्षी हात टेकले. 'आलो' म्हणायच्या आधी तो कुठून आलो ते सांगून टाकतो.

पण याच स्वभावावर शकुबाईची भाकरी आहे, हेही खरं. सौंसरच्या रस्त्यावर संत्र्याचा एक शेड आहे. आंबिया बहाराचा, म्हणजे दिवाळीच्या सुमाराचा, माल उतरला की तिथं बायका ढिगाभोवती बसून फळ निवडतात. बाकीच्या रंग बघतात, आकार बघतात. शकुबाई फळ हातात घेते, देठाशी अंगठा दाबते आणि आतून पोकळ आहे की भरलेलं ते सांगते. सोन्यासारखं चकचकीत फळ ती खुशाल बाजूला फेकते. व्यापारी कुरकुरतो, मग फोडून बघतो आणि गप्प बसतो. "वरून कीर्तन, आतून तमाशा," असं ती संत्र्याबद्दल म्हणते, आणि तेच माणसांबद्दलही.

तिला दोन लेकी. थोरली करुणा सौंसरला दिलेली. धाकटी अश्विनी सौंसरच्याच कॉलेजात बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या अश्विनीला एक दुखणं आहे, आणि शकुबाईच्या मते ते दुखणं म्हणजे मोठं संशयास्पद प्रकरण आहे.

अश्विनीची हाडं दुखतात. मधेच दुखतात, मधेच थांबतात. ताप नाही, सूज नाही, जखम नाही. थंडी पडली की जास्त. दोन वर्षांपूर्वी शाळेत रक्ततपासणीचं शिबिर लागलं होतं. तिथं तिच्या हातातून नळीभर रक्त घेतलं आणि नंतर सांगितलं, सिकलसेल आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि मग हाडं ठणकतात. आई आणि बाप दोघांकडूनही थोडं थोडं आलं की लेकराला पुरं लागतं. मोतीरामनं मान खाली घालून ऐकलं. शकुबाईनं विचारलं, "मले काऊन दुखत नाही मंग?" डॉक्टर म्हणाले, तुमच्यात अर्धंच आहे. अर्धं आहे आणि दुखत नाही, हे काही तिला पटलं नाही. अर्धं नासलेलं संत्रं तिनं आजवर पुष्कळ पाहिलं होतं, त्याला वास येतोच.

तेव्हापासून घरात एक ठरलेलं बोलणं झालं.

"आई, पाय दुखून राहिले."

"खरंच दुखून राहिले का व?"

"दुखून राहिले ना, आई."

"काल तं मोबाईल पाहून खिदळत होती. आज भांडे घासाचे आले तं दुखून राहिले!"

मग अश्विनी उठून भांडी घासायची. कधी घासायची नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. दोन्ही वेळा शकुबाईचा संशय वाढायचाच. घासली तर, पाहा, घासता येतात ना! नाही घासली तर, पाहा, कामाची चोर! अशा कोर्टात आरोपी कधी सुटत नाही.

आता जावयाकडे वळू, कारण खरा खटला तिथं होता.

करुणाचा नवरा विजय नागपूरला नोकरी करतो आणि सौंसरहून रोज अपडाऊन करतो. लग्न ठरलं तेव्हा "औषधाच्या संस्थेत आहे" एवढंच सांगण्यात आलं. शकुबाईनं खोदून विचारलं, पण तो ताकास तूर लागू देईना. पोरगा निर्व्यसनी, बोलायला मऊ, दर रविवारी बायकोला घेऊन मोहगावला येणारा. बाकी सगळ्यांना यात आनंद वाटला. शकुबाईला वाटलं, इतकं गोड फळ, आत अळी असणार.

मग ती डोळ्यांत तेल घालून बसली आणि एकेक गोष्ट दिसू लागली. एकदा ड्यूटीवरून तो परस्पर मोहगावला आला, तर अंगाला साबणाचा वास. घरचा साबण नव्हे, वेगळा, दवाखान्यासारखा. केस ओले. सकाळी घरून आंघोळ करून गेलेला माणूस संध्याकाळी पुन्हा न्हाऊन येतो? केसांना तेल नाही, अंगाला अत्तर नाही. एकदा कोठीतून उंदीर पळाला तर हा गडी खाटेवर चढला, आणि सोमवारी ड्यूटीवर गेलाच नाही. करुणा म्हणाली, घरात उंदराशी संबंध आला की त्यांना साहेबाला सांगावं लागतं. उंदीर दिसला म्हणून सुट्टी! शकुबाईनं असली नोकरी जन्मात ऐकली नव्हती.

"त्याईची ड्यूटीच तशी हाय, आई," करुणा म्हणायची.

"दुसरी बाई गिई तं नाही ना व?"

"आई!"

"मी फक्त इचारून राहिली."

सगळ्यांत मोठी गोष्ट तिला विहारात सापडली. पौर्णिमेला सगळे पंचशील म्हणायला बसले होते. पहिलं शील प्राणिहत्या न करण्याचं. सगळ्यांचे आवाज उठले, आणि शकुबाईनं तिरक्या नजरेनं पाहिलं तर जावयाचे ओठ बंद. दुसऱ्या शीलापासून तो व्यवस्थित म्हणू लागला. पुढच्या पौर्णिमेला ती मुद्दाम त्याच्या बाजूच्या ओळीत बसली. तेव्हाही तसंच. आता पाणी कुठंतरी मुरतंय याबद्दल तिच्या मनात शंकाच उरली नाही, आणि शंका उरली नाही असं तिच्या आयुष्यात क्वचितच झालं असेल.

हे सगळं फुटलं ते डिसेंबरातल्या एका रविवारी. जेवणं झाली, आणि विजय घसा साफ करून म्हणाला, "आई, अश्विनीसाठी एक गोष्ट होती. नागपूरले सिकलसेलवर नवीन गोळी देऊन पाहून राहिले. आमच्या सुचिता मॅडम म्हणे, तुमच्या साळीले घेऊन या. जाँच करू, बसत असन तं घेऊ."

अश्विनी एकदम सरळ होऊन बसली. तिचा चेहरा असा उजळलेला शकुबाईनं पुष्कळ दिवसांत पाहिला नव्हता, आणि म्हणूनच ती सावध झाली.

"नवीन गोळी म्हंजे? कोनी खाल्ली हाय का आधी?"

"उंदराले देऊन पाहिली ना. बरं वाटते त्याईले."

"उंदराले काय करायचं हाय सिकलसेलच्या गोळीचं?"

विजयनं करुणाकडे पाहिलं. मग एकदाचं सांगून टाकलं. तो प्राण्यांच्या घरात काम करतो. उंदरांना खाणं-पाणी देतो, पेट्या बदलतो. आणि ते उंदीर साधे नाहीत. माणसाच्या रक्तातला सिकलसेलचा जो जीन, तो त्यांच्यात बसवलेला आहे. जन्मतःच त्यांना माणसाचं हे दुखणं असतं, आणि त्यांच्या पिलांनाही.

"बसवला म्हंजे?" शकुबाईनं विचारलं. "कलमाचा डोळा भरते तसा?"

"हो, तसंच समजा."

इथं विजय फसला. शकुबाईसमोर 'तसंच समजा' म्हणू नये. या मुलखात संत्र्याचं झाड बीपासून करत नाहीत. जंबेरीच्या, म्हणजे जाड सालीच्या जंगली लिंबाच्या, रोपाची साल चिरायची, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरून एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, काढून त्या चिरेत बसवायचा आणि बांधून टाकायचा. खाली जंबेरी, वर संत्रं. हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. आणि डोळा म्हटला की तो कुठल्या तरी झाडाचा असतो, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

"मंग डोळा कोनाचा?"

"आता ते मले काय माहीत, आई," विजय हसला.

त्या हसण्यानं घात केला. शकुबाईच्या डोक्यात शिबिर आलं. नळीभर रक्त आलं. रामाकोना गावच्या रामाजीची नर्सरी आली. त्याच्याकडे एक नामी झाड होतं, आणि लोभापायी त्यानं डोळे काढायला त्याच्या इतक्या काड्या कापल्या की झाडच वाळून गेलं. अश्विनीचं दुखणं शिबिरानंतर वाढलं. शिबिर भरवणारे कोण, औषधवाले. जावई कुठं, औषधवाल्यांकडे. हाताच्या काकणाला आरसा कशाला?

"माह्या पोरीचा डोळा काढून उंदरावर भरला तुमी," ती उभी राहून म्हणाली. "तिकडं उंदीर वाढून राहिले अन् इकडं माही पोरगी वाळून राहिली. आता उरलीसुरली घेऊन या म्हंते मॅडम? नाही येत ती."

विजयनं खूप समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तो आणि करुणा न जेवल्यासारखं तोंड करून सौंसरला परत गेले.

आता वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल की शकुबाईचे दोन संशय एकमेकांच्या उरावर बसले होते. दुखणं खोटं आहे, हा एक. आणि दुखणं उंदरांमुळे वाढलं आहे, हा दुसरा. खोटं दुखणं वाढेल कसं? पण संशयाचं पीक एकदा डोलायला लागलं की खाली तण कुठलं आणि धान कुठलं हे कोणी बघत नाही.

जानेवारीत थंडी कडाडली आणि अश्विनी खाटेला खिळली. पाठीची कमान झालेली, गुडघे पोटाशी, डोळे अर्धे मिटलेले, गाल ओढलेले. अंगावर गोधडी टाकली तरी नको म्हणायची, आणि काढली तर कुडकुडायची. करुणा धावत आली. तिनं बहिणीकडे पाहिलं आणि आईवर उखडली.

"तू तिचं दुखणं मानत नाही, अन् दवाईलेही जाऊ देत नाही. एक काहीतं ठरव ना!"

शकुबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग खाटेवरून अश्विनीचा आवाज आला, बारीक, पण रडका नव्हता.

"मले जायचं हाय, आई. पन तू हो म्हनशीन तवाच जाईन. नाही तं काही कमीजास्त झालं की तू जनमभर म्हनशीन, मी सांगतलं होतं."

मोतीराम टाकीवरून नुकताच आला होता. तो सहसा मधे पडत नाही. त्या दिवशी म्हणाला, "शकू, तू संत्रं न दाबता फेकत नाहीस. हे तं पाहून ये."

पाहून येण्याची गोष्ट तिला पटली. थंडी जरा उतरल्यावर, सकाळच्या गाडीनं शकुबाई जावयाबरोबर नागपूरला निघाली. वाटेत तिनं त्याला तेच तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. उत्तरं तिनं ध्यानात ठेवली, कारण तेच प्रश्न मॅडमला विचारून ताडून बघायचा तिचा बेत होता.

सुचिता मॅडम तिच्या करुणाच्या वयाच्याच निघाल्या. आत जायची परवानगी बाहेरच्या माणसाला नव्हती, पण एका लांब वाटेत भिंतीला मोठी काच होती आणि काचेपलीकडे पेट्यांच्या रांगा दिसत होत्या. निळे कपडे, टोपी, तोंडाला फडकं बांधलेला एक माणूस तिकडून आला. शकुबाईनं चालीवरून जावई ओळखला.

"आत जाताना आणि बाहेर येताना सगळ्यांना आंघोळ करावी लागते," मॅडम म्हणाल्या. "बाहेरचा रोग उंदरांना लागू नये म्हणून. साबणही इथलाच."

शकुबाईनं मनात एक फळ बऱ्या ढिगात टाकलं, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"डोळा कोनाचा?" तिनं थेट विचारलं.

मॅडमला आधी कळलं नाही. शकुबाईनं कलम समजावून सांगितलं तेव्हा कळलं. त्या म्हणाल्या, "हे उंदीर मूळ परदेशात तयार झाले. तिथं माणसाच्या रक्ताचा जीन घेऊन उंदराच्या गर्भात घातला. पुढं पिलांची पिलं होत इथवर आले. पहिला जीन कोणाचा, ते मला माहीत नाही. तुमच्या मुलीचा नाही. तिचा जन्म व्हायच्या आधीपासून हा वंश चालू आहे. आणि झाडासारखं इथं नसतं, आई. एकदा घेतलं की पुन्हा त्या माणसाकडे जावं लागत नाही."

"गोळीनं बरी होईन का ती?"

"सांगता येत नाही. उंदराला बरं वाटलं म्हणजे माणसाला वाटेलच असं नाही. बऱ्याचदा नाही वाटत. त्रासही होऊ शकतो, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवावं लागेल."

शकुबाई चक्रावली. आपल्याच टोपलीतलं नासकं फळ गिऱ्हाइकाला दाखवणारा व्यापारी तिनं आजवर पाहिला नव्हता. हा कुठला तरी नवीनच डाव असेल असं तिला क्षणभर वाटून गेलं.

तेवढ्यात विजयनं एक पेटी उचलून काचेजवळ धरली. पारदर्शक पेटी, तळाशी भुसा. तीन उंदीर इकडून तिकडे पळत होते. चौथा कोपऱ्यात बसला होता. पाठीची कमान, अंगावरचे केस फुललेले, डोळे अर्धे मिटलेले, गाल ओढलेले. त्याच्याभोवती कोणीतरी कापसाचा जास्तीचा पुंजका ठेवला होता.

शकुबाई काचेला नाक लावून उभी राहिली.

"ह्याले काय झालं?"

"दुखतंय त्याला. कालपासून असाच बसलाय. विजयनं कापूस वाढवलाय, वेदनेचं औषधही दिलंय."

"कशावरून दुखते? तो काही बोलला का?"

"तोंडावरून कळतं. डोळे किती मिटले, गाल कसे ओढले, कान कसे पडले, पाठ कशी धरली. आम्ही रोज प्रत्येकाचं तोंड बघतो."

"तोंड पाहून मानता तुमी?"

"हो."

"बहाना करत असन तं?"

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तो कशाला करील, आई? त्याला कोणतं काम टाळायचंय?"

शकुबाईचा अंगठा काचेवर टेकलेला होता. तिनं तो काढून घेतला. तिला राग आला. मॅडमचा आला, उंदराचा आला, आणि खरं म्हणजे स्वतःचा सगळ्यांत जास्त आला. हीच कमान, हेच अर्धे डोळे तिनं दोन हिवाळे आपल्या घरात पाहिले होते, आणि दर वेळी विचारलं होतं, खरंच दुखते का व?

परतीच्या वेळी स्टँडवर विजय चहा घेऊन आला. तिनं चहा फुंकून एक घोट घेतला. मग म्हणाली, "त्या कोपऱ्यातल्याचं पुढं काय होते?"

विजयनं कप खाली ठेवला. "शेवटी मारा लागते, आई. त्रास वाढू देत नाही. पन मारा लागते. अन् ते माह्याकडंच हाय."

"म्हून तुमी पयल्या शीलाले चूप राहाता."

त्यानं चमकून वर पाहिलं. "तुमच्या ध्यानात आलं?"

"माह्या ध्यानातून काय सुटते?" असं ती नेहमीच्या ठसक्यात म्हणायला गेली, पण अर्ध्यावरच तिचा आवाज फाटला. जावयानं मुकाट्यानं रुमाल पुढं केला. तिनं घेतला, आधी त्याचा वास घेतला आणि मग डोळे पुसले.

"पाप हाय ते," थोड्या वेळानं ती म्हणाली. "मी तसंच म्हनीन. पन तुमी खोटे नाही, बापू."

मोहगावला पोहोचली तेव्हा दिवे लागायची वेळ होती. अंगणात पाऊल टाकलं आणि आतून खाटेचा आवाज आला. अश्विनी घाईघाईनं उठत होती. एका हातानं भिंत धरलेली, दुसऱ्या हातात झाडणी. चेहऱ्यावर हसू चिकटवलेलं, आणि त्या हसण्याखाली गाल ओढलेले, डोळे अर्धे मिटलेले.

"आली का, आई? मी बरी हाय आता. काहीच दुखत नाही. झाडून घेतो अन् च्या मांडतो."

शकुबाई दारातच थांबली. आयुष्यभर ती खोट्याच्या मागावर होती, आणि आज ते तिच्या हाती लागलं होतं. या पोरीनं दोन वर्षांत एवढं एकच खोटं सांगितलं होतं, आणि तेही आईच्या धाकानं.

तिनं लेकीच्या हातातली झाडणी काढून घेतली.

"खोटं बोलते तू," ती म्हणाली. "दुखून राहिलं तुले. झोप."

आईच्या खांद्यावर डोकं टेकून अश्विनी उभ्याउभ्याच रडू लागली. शकुबाईनं तिला धरून खाटेवर नेलं, गोधडी पायांना टोचणार नाही अशी सैल टाकली आणि उशाशी बसली.

"परवा नागपूरले जाऊ," ती म्हणाली. "पन गोळी आधी मी पाहीन."